'हे खरे आहे काय?' : सरकारला उभे करणारे चार शब्द

३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २३ गावे नव्याने सामील झाली. आपले मांजरी बुद्रुक त्यांपैकी एक. त्या दिवसापासून मांजरीची ग्रामपंचायत संपली आणि ग्रामसभाही संपली. पुढे मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या नगरसेवकांचीही मुदत संपली. निवडणुका लांबत गेल्या आणि दीर्घकाळ सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे गावाचा सरपंच गेला आणि शहराचा नगरसेवक दीर्घकाळ आलाच नाही. नळाचे पाणी, ड्रेनेज, दिवाबत्ती, वाढलेली घरपट्टी यांबद्दल जाब विचारायचा तर विचारायचा कोणाला, हा सवाल हडपसरच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या, मगरपट्ट्यात धुणीभांडी करणाऱ्या आणि शेतमळ्यांत खुरपणीला जाणाऱ्या आपल्या माणसांपुढे उभा राहिला.

ग्रामसभा होती तोवर निदान कायद्याने वर्षातून चार वेळा तरी ती भरवावी लागे. आपल्या वस्तीतली एखादी आजी उभी राहून ग्रामसेवकाला 'आमच्या गल्लीतला दिवा का लागत नाही?' असे विचारू शकत होती. उत्तर मिळेच असे नाही, पण चारचौघांसमोर विचारल्यावर समोरच्याला मान खाली घालावी लागे. प्रश्नाची ताकद ती हीच. ग्रामसभेतल्या त्या आजीचेच काम मोठ्या प्रमाणावर, नियमांनी बांधून, विधानसभेत आणि लोकसभेत चालते. त्याला प्रश्नोत्तराचा तास म्हणतात. हा तास आपल्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे. कारण ज्यांच्या हाती ना पैसा ना वशिला, त्यांच्यासाठी प्रश्न हेच हत्यार आहे.

बाबासाहेबांनी अशी राज्यपद्धती का निवडली?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना बाबासाहेबांनी एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दिले. अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत न घेता आपण संसदीय पद्धत का घेतली? त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा. सरकारकडून दोन गोष्टी हव्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही एकाच वेळी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, पण तेथे सरकारचा हिशेब ठराविक मुदतीनेच, निवडणुकीच्या वेळी होतो. संसदीय पद्धतीत मतदार मुदतीने हिशेब घेतातच, पण त्याखेरीज रोजचाही हिशेब होतो. तो हिशेब सभासद घेतात, प्रश्न विचारून, ठराव आणून, तहकुबीच्या सूचना मांडून, अविश्वास दाखवून. भारतासारख्या देशाला हा रोजचा हिशेब अधिक गरजेचा आहे, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मान दिला.

त्यांनी सांगितलेल्या साधनांत प्रश्नाचा उल्लेख पहिला आहे, हे ध्यानात घ्यावे. हीच गोष्ट संविधानात कलमांच्या रूपाने आली. कलम ७५ नुसार केंद्राचे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे आणि कलम १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला. मंत्री उत्तर देतो ते मेहरबानी म्हणून नव्हे. ते त्याचे कर्तव्यच आहे.

विचारणारे बाबासाहेब आणि उत्तर देणारे बाबासाहेब

बाबासाहेब हे केवळ ग्रंथांतून बोलत नव्हते. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळावर त्यांची सरकारनियुक्त सभासद म्हणून नेमणूक झाली. सरकारने नेमले म्हणून ते सरकारचे होयबा झाले नाहीत. पहिल्याच वर्षी, २४ फेब्रुवारीला, अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी गरीब शेतकऱ्याच्या डोक्यावरील शेतसाऱ्याच्या बोजावर बोट ठेवले. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधी दुरुस्तीचे बिल आणले. त्याच वर्षी गिरणीत राबणाऱ्या बायांना बाळंतपणाची रजा व भत्ता मिळावा या बिलाला त्यांनी ठाम पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज आपल्या लेकीसुनांना जी प्रसूती रजा मिळते, तिच्या मागे हा इतिहास आहे.

ठराव आणि प्रश्न यांचे नाते समजण्यासाठी महाडची आठवण पुरेशी आहे. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की, सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव झाला आणि कागदावर राहिला. १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला की, जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे अनुदान थांबवावे. तरीही चवदार तळे खुले झाले नाही. अखेर १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो बांधवांसह स्वतः तळ्यावर जावे लागले. सभागृहातला शब्द आणि रस्त्यावरचा माणूस हे दोन्ही लागतात. एकाशिवाय दुसरे लंगडे.

पुढे बाबासाहेब उत्तर देणाऱ्या बाजूलाही बसले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात सभासदांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १० व्या खंडात छापली आहेत. युद्धकाळात कोळशाची टंचाई पडली तेव्हा सरकारने खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरची बंदी उठवली होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यावर सभागृहात तहकुबीची सूचना आली आणि मजूरमंत्री म्हणून सरकारची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. सांगायचा मुद्दा असा की, बाबासाहेबांसारख्या माणसालाही सभागृहाने विचारले आणि त्यांनी उभे राहून उत्तर दिले. मग आजचा कोणता मंत्री एवढा मोठा की त्याला प्रश्न विचारला म्हणून राग यावा?

एकटा सभासद काय करू शकतो?

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, 'आपला एखादा माणूस निवडून जाऊन काय होणार? बहुमत तर त्यांचेच!' ही समजूत अर्धवट आहे. मतदानात एकटा सभासद हरतो हे खरे. पण प्रश्नाला बहुमत लागत नाही. १९५२ च्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बी. सी. कांबळे हे एकटेच निवडून आले. बहुमताच्या डोंगरापुढे एकटा माणूस! पण सभागृहाचे नियम त्या एकट्याला इतरांइतकाच प्रश्न विचारण्याचा हक्क देतात. पुढे १९५७ साली ते लोकसभेत गेले. त्याच निवडणुकीत कर्मवीर दादासाहेब गायकवाडही लोकसभेवर निवडून आले. दादासाहेबांनी भूमिहीनांचा प्रश्न सभागृहातही नेला आणि १९५९ व १९६४ च्या सत्याग्रहांतून रस्त्यावरही नेला.

देशभर गाजलेले उदाहरण मुंदडा प्रकरणाचे. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले. त्यात कामगारांचा, कारकुनांचा, मास्तरांचा हप्त्याहप्त्याने साठवलेला पैसा होता. १९५७ मध्ये त्यातील सव्वा कोटीच्या आसपास रक्कम हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये घातली गेली. लोकसभेत आधी साधा प्रश्न आला, त्याला मोघम उत्तर मिळाले. मग डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी कागदपत्रांनिशी प्रकरण धसास लावले. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद आणि पंतप्रधानांचे जावई होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांची चौकशी समिती बसली, तिचे काम लोकांसमोर उघड चालले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात झाली होती ती एका प्रश्नापासून.

प्रश्नांचे प्रकार

आता हे चालते कसे ते पाहू. लोकसभेत अधिवेशनाच्या दिवशी सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास असतो. राज्यसभेत २०१४ पासून तो दुपारी १२ ला असतो. राज्याच्या विधानसभेत आणि विधान परिषदेतही हीच पद्धत आहे.

तारांकित प्रश्न : ज्याच्यापुढे चांदणीची खूण असते तो. याचे उत्तर मंत्र्याने उभे राहून तोंडी द्यायचे असते आणि त्यावर सभासदांना उपप्रश्न विचारता येतात. खरी कसोटी उपप्रश्नात लागते, कारण पहिले उत्तर अधिकारी लिहून देतात, उपप्रश्नाला मात्र मंत्र्याची स्वतःची तयारी लागते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न यादीत येतात. त्यांतल्या मोजक्यांवरच तोंडी चर्चा होते, बाकीच्यांची उत्तरे लेखी मिळतात.

अतारांकित प्रश्न : याचे उत्तर लेखी मिळते, उपप्रश्न नाही. लोकसभेत दिवसाला असे २३० प्रश्न येतात. आकडे, याद्या, जिल्हावार माहिती काढायची असेल तर हाच प्रकार उत्तम.

अल्पसूचना प्रश्न : लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी त्याहून कमी मुदतीत विचारायचा तो हा प्रश्न.

आपल्या विधिमंडळात याखेरीज लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा अशी साधनेही आहेत. मंत्र्याने 'पाहतो, चौकशी करतो, माहिती घेऊन सांगतो' असे म्हटले की ते आश्वासन ठरते. त्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे आणि राज्यातही आहे. केंद्रात असे आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे, असा दंडक आहे. म्हणून मंत्री काय बोलला हे कार्यकर्त्यांनी तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे.

शब्द चुकला की माणूस गायब

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरते. याचे आपल्या काळजाला भिडणारे उदाहरण गटारात मरणाऱ्या आपल्या बांधवांचे आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, २०२० अखेरपर्यंतच्या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत 'हाताने मैला साफ करताना' किती मेले असे विचारले गेले, तेव्हा राज्यमंत्री रामदास आठवले यांचे उत्तर आले की, असा मृत्यू झाल्याची नोंद नाही. मंत्रालय तेच. मग ३४० माणसे गेली कुठे? ती गेली शब्दांच्या फटीत. २०१३ च्या कायद्यात हाताने मैला उचलणे वेगळे आणि गटाराची धोकादायक सफाई वेगळी, अशा दोन व्याख्या आहेत. एका शब्दाने विचारले तर ३४०, दुसऱ्या शब्दाने विचारले तर शून्य.

आणि हा हिशेब कागदापुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेली. ज्या मृत्यूची नोंदच नाही, त्या घरातील विधवेला ही रक्कम मिळवताना काय यातना होतील, याचा विचार करा.

सप्टेंबर २०२० चे उदाहरणही विसरू नये. कोरोनाचे कारण देऊन त्या अधिवेशनात संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, लेखी प्रश्न तेवढे राहिले. टाळेबंदीत पायी घरी जाताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली काय, असा लेखी प्रश्न लोकसभेत आला. उत्तर काय मिळाले? अशी आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. सोलापूर रस्त्याने डोक्यावर बोचके घेऊन निघालेली माणसे मांजरी-हडपसरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. सरकारच्या वहीत ती नव्हती. पण हे उत्तरसुद्धा वाया गेले नाही. सरकारने मोजलेच नाही, ही गोष्ट सरकारच्याच सहीने देशापुढे आली.

चार कलमी साचा

महाराष्ट्र विधानसभेतील प्रश्नाला एक ठरीव साचा असतो. तो आपल्या तरुणांनी शिकून घ्यावा. नमुना म्हणून असा :

(१) पुणे महानगरपालिकेत ३० जून २०२१ रोजी समाविष्ट झालेल्या मांजरी बुद्रुक येथील अमुक वस्तीत अद्याप नळजोडणी देण्यात आलेली नाही, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, या वस्तीतील घरांची संख्या किती व त्यांच्याकडून कोणकोणते कर वसूल करण्यात येत आहेत;

(३) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पाहा, यात शिवी नाही, घोषणा नाही, रडगाणे नाही. पहिले कलम मंत्र्याकडून 'होय' किंवा 'नाही' काढते. फार तर तो 'अंशतः खरे आहे' म्हणेल. दुसरे कलम आकडा मागते, तिसरे काम विचारते आणि चौथे कारण. चुकीची माहिती दिली तर सभागृहाची दिशाभूल केल्याचा ठपका येतो, म्हणून मंत्रालयापासून क्षेत्रीय कार्यालयापर्यंत फाइल हलते. साहेबाला आपले निवेदन टोपलीत टाकता येते, विधानसभेचा प्रश्न टाकता येत नाही.

मांजरीच्या माणसाने काय करावे?

पहिली गोष्ट, कोणता प्रश्न कोणाचा हे ओळखावे. पाणी, ड्रेनेज, झोपडपट्टी, रेशन, समाजकल्याणची वसतिगृहे, स्वाधार योजना हे राज्याचे विषय. ते आमदाराकडे न्यावेत. दौंड मार्गावरील आपले मांजरी बुद्रुक स्टेशन, रेल्वेगाड्यांचे थांबे, भविष्य निर्वाह निधी हे केंद्राचे. त्यांसाठी शिरूर लोकसभा मतदारसंघाच्या खासदाराकडे जावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दोघांचीही, कारण डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलते. मुलाची शिष्यवृत्ती अडली की दोन्हीकडे विचारावे. एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून दोघांचीही उत्तरे समोरासमोर ठेवावीत.

दुसरी गोष्ट, कागद जमवावा. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही आणि ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो. लोकसभेतला प्रश्नही साधारण १५० शब्दांतच बसवावा लागतो! म्हणजे सरकारशी थोडक्यात बोलायची सवय दोन्हीकडे उपयोगी. मिळालेली माहिती जोडून दिली की आमदाराला प्रश्न लिहिणे सोपे जाते.

तिसरी गोष्ट, अधिवेशनाचा हंगाम सांभाळावा. राज्याचे अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात भरते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन नेणे म्हणजे वरात गेल्यावर घोडा आणणे. दीड-दोन महिने आधी विहारात बसून महिला मंडळ आणि तरुण मंडळाने दोन किंवा तीनच प्रश्न निवडावेत, लिहावेत आणि आमदाराच्या हाती देऊन पोच घ्यावी.

चौथी गोष्ट, उत्तर मिळाले की ते विहारात मोठ्याने वाचावे. लोकसभा आणि विधिमंडळ यांच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरे असतात. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी ती मोबाइलवर काढून देईल. तिच्या आजीला वाचून दाखवील. यापेक्षा चांगला नागरिकशास्त्राचा तास कोणता?

दोन सावधगिरीच्या गोष्टी

प्रश्नही विकला जातो, हे समाजाने जाणून असावे. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेल्या ११ खासदारांना संसदेने काढून टाकले, १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा. पण नीट विचार केला तर विक्रीची सुरुवात आपल्या दारातच होते. निवडणुकीच्या आदल्या रात्री साडी आणि पाकीट घेणाऱ्या घराला पाच वर्षे प्रश्न विचारण्याचे तोंड राहत नाही. ज्याने मत विकत घेतले, त्याच्या मते हिशेब तेव्हाच चुकता झालेला असतो.

दुसरे, सभागृहाने एकदा होय म्हटले म्हणजे काम झाले असे समजू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी एकमताने केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मध्ये साडेपंधरा वर्षे गेली, घरे जळाली, माणसे गेली. अलीकडे मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा सुमारे ४१० कोटींचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची बातमी आली आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच नाराजी बोलून दाखवली. बहिणींना पैसे मिळावेत यात वाद नाही, त्यांत आपल्याही बहिणी आहेत. पण मुलाच्या वसतिगृहाचा पैसा त्याच्या आईच्या नावाने वळवला तर घरात आले किती आणि गेले किती, हे विचारणे आपले काम आहे.

धम्मातील पवारणा

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला आठवण दिली की, संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, हे सारे भिक्खू संघात होते. त्यात एक गोष्ट आपण दरवर्षी पाहतो. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, तेव्हा पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठ स्थविरसुद्धा, संघापुढे विनंती करतो की, माझ्या हातून काही चूक घडल्याचे आपण पाहिले असेल, ऐकले असेल किंवा आपल्याला तसा संशय असेल, तर मला सांगा.

तथागतांच्या संघात मोठा माणूस स्वतःहून म्हणत होता, मला विचारा. आजचे राज्यकर्ते तसे म्हणणार नाहीत, म्हणून विचारण्याचा हक्क बाबासाहेबांनी संविधानात आपल्यासाठी लिहून ठेवला. येत्या वर्षावासात ग्रंथवाचनासाठी विहारात बसाल, तेव्हा एक संध्याकाळ या कामाला द्या. एक वही घ्या, वस्तीची एक अडचण लिहा आणि तिच्या शेवटी ते चार शब्द लिहा : हे खरे आहे काय?

जयभीम! नमो बुद्धाय!